दहापैकी नऊ: गेमची परीक्षणं वाचताना

ओरत्तनाडुहून पुन्हा एकदा.

मागच्या भागात मुलांनी गेम किती वेळ खेळावा यावर बोललो होतो. त्यानंतर बऱ्याच पालकांनी एकच गोष्ट विचारली: गेम घ्यायचाच असेल तर कोणता घ्यावा हे ठरवायचं कसं? इंटरनेटवर इतकी परीक्षणं असतात, तारे असतात, गुण असतात. त्यावर भरवसा ठेवावा का? याचं उत्तर देताना मला आमच्या घरात घडलेली एक गोष्ट सांगावी लागेल.

माझा नातू पुण्यात नववीत आहे. मे महिन्यात तो इथे येतो. गेल्या मेमध्ये त्याने वाढदिवसाचे आणि दिवाळीचे साठवलेले पैसे एका गेमवर घातले. तीन हजारांच्या आसपास रक्कम होती. घेण्याआधी पोराने अभ्यास केला होता, हे मला मान्य करावं लागेल. तीन नावाजलेल्या साइटींवरची परीक्षणं वाचली होती. नऊ, साडेनऊ, नऊ. आमच्या इथल्या विजेच्या लहरीप्रमाणे दोन रात्री डाउनलोड चाललं. तिसऱ्या दिवशी गेम सुरू केला, तर पडद्यावरचा माणूस एक पाऊल टाकायचा, थांबायचा, मग एकदम चार पावलं पुढे दिसायचा. त्याच्या वडिलांचा जुना लॅपटॉप, त्याला तो भार पेलेना. संध्याकाळभर पोराने सेटिंग खालीवर करून पाहिली. शेवटी पैसे परत मागायला गेला, तर तिथे मुदत खेळलेल्या वेळावर मोजतात, आणि तो वेळ सेटिंग बदलण्यातच संपून गेला होता.

मग त्याने त्या गेमच्या चाहत्यांच्या गटात मदत मागितली. उत्तर आलं, “परवडत नसेल तर मोबाइलवर लुडो खेळ.” त्याखाली चाळीस-पन्नास जणांची हसणारी तोंडं.

रात्री जेवताना तो म्हणाला, “आजोबा, ते नऊ गुण नेमके कोणी दिले होते?”

मी ताटातून मान वर केली. प्रश्न लष्करी होता. कोणी पाहिलं, कुठून पाहिलं, केव्हा पाहिलं. तोफखान्यात तरुण अधिकाऱ्याला निरीक्षण चौकीवर बसवतात तेव्हा पहिल्या दिवसापासून हेच शिकवतात. “शत्रू दिसला” एवढ्यावर कोणी तोफ डागत नाही.

आता मी स्वतः या विषयात कसा आलो तेही सांगतो, नाहीतर म्हणाल हा निवृत्त लेफ्टनंट कर्नल गेमबद्दल काय बोलतोय. गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दीड महिना पडून होतो. नातवानेच हातात कंट्रोलर दिला. तेव्हापासून खेळतो. हात मंद आहे, पण हट्टी आहे.

आणि ओरत्तनाडु कुठे, असंही दर वेळी कोणीतरी विचारतं. तंजावरहून पट्टुक्कोट्टैकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव. भाताची शेतं, नारळाच्या बागा, मधून वाहणारा कल्लणैचा कालवा. गावात सरफोजी दुसरे यांनी मुक्तांबेच्या नावाने बांधलेलं छत्र आहे, म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा. तंजावरहून रामेश्वरला जाणाऱ्यांसाठी मराठा राजांनी अशी छत्रं वाटेवर उभी केली. आमच्या घराण्याचं मराठी इथलं आहे. पुण्याची मंडळी ते ऐकून हसतात, मी त्यांच्या हसण्याला हसतो. छत्रासमोरून जाताना मनात येतं, इथे जेवून पुढे गेलेला माणूस समोरून येणाऱ्याला सांगत असेलच की जेवण कसं होतं. पण सांगणारा स्वतः जेवलेला होता, आणि तो उत्तरेचा की दक्षिणेचा, तिखट खाणारा की नाही, हे ऐकणाऱ्याला समोर दिसत होतं. त्या नऊ गुणांमागचा माणूस माझ्या नातवाला दिसत नव्हता.

तर तो माणूस शोधू.

मोठ्या साइटीवरचा परीक्षक बहुतेक वेळा गेम विकत घेत नाही. कंपनी प्रकाशनाच्या काही दिवस आधी त्याला प्रत पाठवते. सोबत एक अट असते: अमुक तारखेच्या अमुक वाजेपर्यंत काही छापायचं नाही. याला एम्बार्गो म्हणतात. यात लबाडीच असते असं नाही. सगळ्यांना सारखा वेळ मिळावा हा हेतूही असतो. पण परीक्षक ज्या यंत्रावर खेळतो ते कामासाठी घेतलेलं, तगडं यंत्र असतं. त्याने खोटं लिहिलेलं नसतं. त्याच्या टेबलावर तो गेम खरोखरच लोण्यासारखा चाललेला असतो.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण सायबरपंक २०७७. १० डिसेंबर २०२० ला हा गेम आला. आधी परीक्षकांना फक्त कॉम्प्युटरवरची आवृत्ती दिली होती, आणि सुरुवातीच्या परीक्षणांत स्वतः चित्रित केलेली दृश्यं दाखवायची नाहीत, कंपनीने दिलेलीच वापरायची, अशी अट होती. गुण भरभरून पडले. मग जुन्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वनवर लोकांनी गेम लावला आणि त्याची दुर्दशा सगळ्या जगाने पाहिली. सोनीने आठच दिवसांत तो आपल्या दुकानातून काढला आणि पैसे परत द्यायला सुरुवात केली. जून २०२१ मध्ये तो परत दुकानात आला. पुढे दुरुस्त्या होत होत आज तो चांगला गेम मानला जातो. म्हणजे बघा, डिसेंबर २०२० मधले चांगले गुण एका यंत्रापुरते खरे, वाईट गुण दुसऱ्या यंत्रापुरते खरे, आणि आज दोन्ही शिळे. तारीख आणि यंत्र न पाहता गुण वाचले की माझ्या नातवासारखं होतं.

दुसरी गोष्ट जाहिरातीची. गेमच्या साइटींवर जाहिराती प्रामुख्याने कोणाच्या? गेम कंपन्यांच्याच. २००७ मध्ये गेमस्पॉट या अमेरिकी साइटीचे जेफ गर्स्टमन यांनी ‘केन अँड लिंच’ नावाच्या गेमला दहापैकी सहा दिले. त्याच गेमच्या जाहिरातींनी तेव्हा साइट सजलेली होती. थोड्याच दिवसांत गर्स्टमन यांची नोकरी गेली. २०१२ मध्ये बोलण्याची मोकळीक मिळाल्यावर त्यांनी सांगितलं की जाहिरातदारांची नाराजी यामागे होती. सगळेच परीक्षक विकलेले असतात असं मी म्हणणार नाही, तसं म्हणणं हा आळस आहे. पण घरमालकाच्या लग्नातला स्वयंपाक कसा होता हे भाडेकरूला विचारताना जेवढं सावध राहावं, तेवढं राहावं.

आता त्या आकड्याकडे येतो, कारण माझा खरा राग त्याच्यावर आहे.

सैन्यात अधिकाऱ्याचा दर वर्षी गोपनीय अहवाल लिहिला जातो. त्यात नवापैकी गुण असतात. कागदावर पाहिलं तर चार म्हणजे सरासरी, पाच-सहा म्हणजे सरासरीपेक्षा वर, सात-आठ म्हणजे चांगलाच, नऊ म्हणजे असामान्य. प्रत्यक्षात काय होतं हे वर्दीतल्या कोणालाही विचारा. सगळ्यांना आठ-नऊ मिळतात, कारण आपल्या हाताखालच्याला सात दिला तर तो मागे पडणार हे देणाऱ्याला ठाऊक असतं. त्यामुळे सात हा चांगला गुण उरत नाही, ती शिक्षा होते. खालचे आकडे असून नसल्यासारखे. मी स्वतः असे अहवाल लिहिले आहेत आणि हात आखडता घेताना मलाही जड गेलं आहे. पण त्याच अहवालात एक जागा असते, पेन पिक्चर म्हणतात तिला. चार-सहा ओळींत त्या माणसाचं वर्णन. जाणता अधिकारी आधी ती वाचतो. “स्वतंत्र कामगिरी दिल्यास उत्तम” असं लिहिलंय की “मार्गदर्शनाखाली चांगलं काम करतो” असं लिहिलंय, यात सगळं येतं. दोघांनाही गुण आठच असतात.

गेमच्या परीक्षणांत हेच झालंय. दहापैकी सात म्हणजे शाळेत आपण पेढे वाटले असते. इथे सात पडले की चाहते परीक्षकाच्या अंगावर धावून जातात. म्हणून तोही आठाच्या खाली उतरायला कचरतो. मग वाचक म्हणतो की आठाच्या खालचं काही घेऊच नये. असं ते चाक फिरत राहतं.

त्यात भर म्हणून सगळ्यांचे आकडे एकत्र करणाऱ्या साइटी आल्या. मेटाक्रिटिक २००१ पासून आहे. निरनिराळ्या परीक्षकांचे गुण घेऊन ती शंभरापैकी एक आकडा काढते. कोणत्या परीक्षकाला किती वजन दिलं हे ती जाहीर करत नाही. या आकड्यावर लोकांच्या मिळकती ठरल्या आहेत. ‘फॉलआउट: न्यू व्हेगस’ हा गेम ऑब्सिडियन नावाच्या स्टुडिओने बनवला, २०१० मध्ये आला. मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तर स्टुडिओला बक्षिसी मिळेल असा करार होता. मिळाले ८४. एका गुणाने बक्षिसी गेली, हे त्या स्टुडिओच्या ख्रिस अवेलोन यांनीच २०१२ मध्ये उघड केलं.

आणखी एक घोटाळा आपल्याकडचे पालक हमखास करतात. स्टीम या दुकानात गेमखाली “९५ टक्के सकारात्मक” असं दिसतं. लोक समजतात, शंभरापैकी पंच्याण्णव गुण मिळाले. तसं नाही. तिथे खेळणारा फक्त अंगठा वर किंवा खाली करतो. शंभरातल्या पंच्याण्णव जणांनी “घ्यायला हरकत नाही” म्हटलं, एवढाच त्याचा अर्थ. साधा बरा गेमही ९५ टक्क्यांवर असू शकतो आणि एखादा असामान्य पण अवघड गेम ७० वर.

आता जमावाकडे वळू. परीक्षकांवर विश्वास नाही, सामान्य खेळाडूंचं मत बघू, असं पुष्कळजण म्हणतात. विचार चांगला आहे. पण सामान्य खेळाडू एकेकटा येतो तेव्हा एक असतो आणि झुंडीने येतो तेव्हा दुसराच असतो.

झुंडीने येऊन एका दिवसात हजारो एक-ताऱ्याची मतं टाकायची, याला रिव्ह्यू बॉम्बिंग म्हणतात. ‘द लास्ट ऑफ अस भाग २’ १९ जून २०२० ला आला. परीक्षकांनी डोक्यावर घेतला. खेळाडूंची सरासरी मात्र पहिल्याच दिवशी दहापैकी चाराच्याही खाली. हा गेम पुरा करायला वीस-पंचवीस तास लागतात! मत देणाऱ्यांतल्या अनेकांनी तो संपवलेला असणं शक्यच नव्हतं. कथानक आधीच फुटलं होतं, त्याचा राग होता. त्यानंतर मेटाक्रिटिकने नियम केला की प्रकाशनानंतर ३६ तास खेळाडूंना मत देता येणार नाही.

आपणही यात मागे नाही. एप्रिल २०१७ मध्ये स्नॅपचॅटच्या प्रमुखाने भारताला गरीब म्हटल्याची बातमी पसरली. कंपनीने इन्कार केला, पण आपल्या लोकांनी मोबाइल उचलले आणि एक-एक तारा द्यायला सुरुवात केली. त्यातल्या कित्येकांनी तो तारा स्नॅपडीलला दिला. बिचारी दिल्लीकडची भारतीय कंपनी, सामान विकणारी! आमच्या भाषेत याला आपल्याच चौकीवर गोळाफेक म्हणतात, आणि त्यावर चौकशी बसते.

आता जो गेम मला सगळ्यात जवळचा वाटतो त्याबद्दल. १५ जून २०२० ला गलवानमध्ये आपले २० जवान शहीद झाले. सप्टेंबरच्या २ तारखेला सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली, ४ तारखेला फौ-जी या भारतीय गेमची घोषणा झाली, आणि २६ जानेवारी २०२१ ला तो आला. आधीच लाखोंनी नावं नोंदवली होती. आल्या आल्या दोन झुंडी जमल्या. एकीने देशासाठी पाच तारे दिले, बरेचसे न खेळताच. दुसरीने पबजीच्या विरहात एक तारा दिला. काही दिवसांत सरासरी तीनाच्या आसपास आली. या तीन आकड्यातून तुम्हाला काय कळलं? काहीही नाही. पाच आणि एक यांची बेरीज करून दोनाने भागलं की तीन येतात, एवढं गणित कळलं.

त्या गोंगाटात कामाच्या तक्रारीही होत्या. हालचाली एकसुरी, मित्रांबरोबर खेळायची सोय नाही. या खऱ्या तक्रारी. पण सगळ्यात जास्त ऐकू आलेली तक्रार होती, “बंदूक का नाही?” यावर मात्र मला बोलायचंय. १९९६ च्या भारत-चीन करारानुसार प्रत्यक्ष नियंत्रण रेषेपासून दोन किलोमीटरच्या आत गोळीबार करायचा नाही. गलवानमध्ये माणसं हातांनी, दगडांनी, दांडक्यांनी लढली. म्हणजे त्या गेममध्ये जी गोष्ट सगळ्यात खरी होती तिच्यावरच सगळ्यात जास्त तारे कापले गेले. हे सांगणारं परीक्षण त्या वेळी माझ्या तरी वाचनात आलं नाही.

म्हणून पुढे मी स्वतः लिहायचं ठरवलं. दुसऱ्या एका युद्धाच्या गेमवर. त्याचं नाव घेत नाही, साइटीचंही नाही. सहा गुण दिले. चित्रं सुंदर आहेत असं लिहिलं. पण गस्तीची तुकडी अशी खांद्याला खांदा लावून उघड्या उतारावरून चालत नाही, एका स्फोटात सगळे जातील, असंही लिहिलं. दुसऱ्या दिवशी खाली शंभरावर उत्तरं. “खोटा फौजी.” “ओळखपत्र टाक.” “शेजारच्या देशातून किती पैसे मिळाले?” नातू फोनवर म्हणाला, “आजोबा, उत्तर देऊ नका.” मी दिलं. अर्थातच चूक केली. संध्याकाळपर्यंत इतक्या जणांनी तक्रार नोंदवली की नियमभंगाच्या नावाखाली माझं परीक्षण यंत्रानेच उतरवलं. कोणता नियम, ते आजवर कळलेलं नाही.

शिव्यांचं मला फार वाटलं नाही. अकादमीत याहून सकस ऐकल्या आहेत. वाटलं ते एका मुलाच्या निरोपाचं. त्याने खासगीत लिहिलं, “काका, तुमचं बरोबर आहे, मलाही तसंच वाटलं. पण मी तिथे लिहिलं तर मला गटातून काढतील. माझे सगळे मित्र तिथेच आहेत.” सोळा-सतरा वर्षांचा असेल. त्या दिवशी मी त्याला काय लिहावं ते मला सुचलं नाही. नुसतं “खेळत राहा” लिहिलं.

तरी झुंड नेहमीच चुकते असं म्हणणं अन्यायाचं होईल. मे २०२४ मध्ये सोनीने ‘हेलडायव्हर्स २’ कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांना प्लेस्टेशनचं खातं सक्तीचं करायचं ठरवलं. कित्येक देशांत असं खातं काढताच येत नाही. तिथल्या लोकांनी पैसे देऊन घेतलेला गेम बंद पडणार होता. खेळाडूंनी दोन-तीन दिवसांत दोन लाखांवर नकारात्मक मतं टाकली आणि सोनीने निर्णय मागे घेतला. ग्राहकाच्या हातात दुसरं हत्यारच नव्हतं. पण लक्षात घ्या, त्या आठवड्यात ते गुण पाहून गेम चांगला की वाईट हे कळलं नसतं. तो मोर्चा होता. मोर्चाला परीक्षण समजू नये.

मग वाचायचं कसं? गुप्तवार्तेच्या कामात एक जुनी पद्धत आहे. बातमी देणारा किती भरवशाचा, याला एक खूण. बातमी स्वतः किती पटण्यासारखी, याला वेगळी खूण. दोन्ही एकत्र करायच्या नाहीत. भरवशाचा माणूसही चुकतो आणि लबाड माणूसही कधी खरी बातमी आणतो.

हेच घरी करा. सांगणाऱ्याकडे आधी बघा. स्टीमवर प्रत्येक मताशेजारी तो माणूस किती तास खेळला ते लिहिलेलं असतं, प्रत फुकट मिळाली असेल तर तेही. वीस मिनिटं खेळून लिहिलेलं पान उलटा. पण वीस मिनिटं खेळणारा “माझ्या अमुक ग्राफिक कार्डावर सुरूच झाला नाही” म्हणत असेल तर तेच वाचा, कारण त्याला वीस मिनिटांत कळण्यासारखं तेवढंच आहे. मतांचा काळानुसार आलेखही तिथे असतो, २०१७ पासून. एखाद्या आठवड्यात लाल खांब ताडासारखा उभा दिसला तर त्या आठवड्यात काय भांडण झालं होतं ते शोधा. एक आणि पाच तारे देणाऱ्यांना रांगेत मागे पाठवा. तीन-चार देणाऱ्याला बहुधा काहीतरी सांगायचं असतं.

आपल्या भारतीय मानक ब्यूरोनेही ऑनलाइन ग्राहक-मतांसाठी नोव्हेंबर २०२२ मध्ये मानक काढलं आहे, आयएस १९०००:२०२२. मत देणारा खरा आहे का याची पडताळणी, मतं छापण्याचे आणि काढण्याचे नियम, हे त्यात आहे. ते आणलं तेव्हा पाळणं ऐच्छिक ठेवलं. ऐच्छिक कवायतीला किती जण हजर राहतात, ते मी तीस वर्षं पाहिलंय.

आणि परीक्षण आपल्यासाठी लिहिलेलं आहे का, हे बघा. पुण्याच्या नॉडिंग हेड्स स्टुडिओचा ‘राजी’ २०२० मध्ये आला. भावाला सोडवायला निघालेली मुलगी, दुर्गा आणि विष्णू कथा सांगणारे, राजस्थानी वाडे, पहाडी चित्रांसारखे रंग. परदेशी परीक्षकांनी चित्रांचं कौतुक केलं, झुंजी अवघडलेल्या आहेत आणि गेम लवकर संपतो म्हणून गुण कापले. त्यांचं चुकलं नाही. मलाही झुंजी जड गेल्या. पण तो चार-सहा तासांत संपतो ही माझ्यासाठी तक्रारच नव्हती. शनिवार-रविवारी आजोबा आणि नातू मिळून एक गेम पुरा करू शकतात, ही आमच्या घरातली सगळ्यात मोठी सोय ठरली. हा गुण कोणत्या तक्त्यात बसणार?

नातवाचे तीन हजार मात्र परत आले नाहीत. मी भरून द्यायला निघालो होतो, त्याच्या आजीने अडवलं. पुण्याला परतायच्या आदल्या रात्री त्याने त्या गेमवर स्वतःचं मत टाकलं. लॅपटॉप कोणता, कार्ड कोणतं, मेमरी किती, कोणत्या सेटिंगवर किती अडखळला, आणि शेवटी: ज्यांच्याकडे असंच यंत्र आहे त्यांनी घेऊ नका, गेम वाईट आहे असं मी म्हणत नाही. गुण दिले नाहीत. लिहिलं मराठीत. परवा सांगत होता की अकरा जणांनी “उपयोगी” म्हटलंय. एकाने विचारलंय, मराठीत का? त्यावर त्याने अजून काही लिहिलेलं नाही, आणि या वेळी मीही लिहिलेलं नाही.

पुढच्या भागात फुकट म्हणून घेतलेल्या गेमच्या आतली खरेदी: नाणी, पेट्या आणि आईच्या फोनवरचं यूपीआय. तोवर जय हिंद.